मापांचा रिकामा चौकोन

मंदा,

गेल्या मंगळवारी तुझा बुश उभा राहिला. लॅपटॉपवर म्हणतो मी. तीन आठवडे लेकाचा माझ्याशी भांडला आणि त्या दिवशी दुपारी, चहावर साय धरली असताना, मी ते बटण दाबलं तर चपटा गोल वर आला. चाळीस मिलिमीटर लांब, मध्ये रोलरचा शाफ्ट जायला भोक, बाहेरून खाच. मी खुर्चीतून मागं वळून पाहिलं. सवय, दुसरं काय. वर्कशॉपच्या त्या कोपऱ्यात माझ्या हातून काही नीट झालं की मागून तुझा आवाज यायचा, "जमलं की."

तुला लिहायचं म्हटलं तर पंचाईत अशी की कागदावर मी 'मला' लिहितो, 'मले' लिहीत नाही. गुरुजींचा मार खाऊन शिकलेलं ते, जात नाही. तू आपल्या बोलीत वाच.

तुझ्या पुण्यानुमोदनाला सगळे बोलले. अकोल्याहून तुझा भाऊ आला होता, त्यानं तू लहानपणी बाबांचा डबा घेऊन दाल मिलमध्ये कशी जायचीस आणि फिटर बाबांच्या मागं उभं राहून पार्टांची नावं कशी पाठ करायचीस ते सांगितलं. बाया रडल्या. मग माईक माझ्या हातात दिला. मी म्हणालो, सगळ्यांनी जेवून जा, आणि खाली बसलो. लोकांना वाटलं दुःखानं बोलवत नाही. तेही होतंच. पण मला जे बोलायचं होतं त्याची सुरुवात वरूडहून होत होती, आणि वरूडला तोंड दाखवायची माझी हिंमत नव्हती.

आधी तुझ्या शिकण्याचं सांगतो, म्हणजे मलाही धीर येईल.

आपल्या प्राचीचं पॉलिटेक्निक झालं, ती पुण्याला नोकरीला गेली आणि तिचा जुना लॅपटॉप घरी धूळ खात पडला. माझ्या चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढत होता. एमआयडीसीत आपल्या दोन गल्ल्या पलीकडे सीएनसीवाला, कॉम्प्युटरवर मशीन चालवणारा, आला होता. तो नायलॉनचे पार्ट भराभर कापून द्यायचा, पण हातानं काढलेला कागद घ्यायचा नाही, फाईल मागायचा. मी त्याला शिव्या घालायचो. तू शिव्या घातल्या नाहीस. एका सकाळी पोळ्या लाटता लाटता म्हणालीस, मी अकोल्याला कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचा महिनाभराचा क्लास लावते, भावाकडं राहीन, शनिवारी येईन.

मी काय म्हणालो ते तुला आठवत असेलच, माझी जीभ तुला पाठ आहे. म्हणालो, "अठ्ठेचाळीसाव्या वर्षी कॉम्प्युटर शिकून तुले काय कलेक्टर व्हायचं हाय?" तू पोळी तव्यावर टाकलीस आणि म्हणालीस की कलेक्टरला बुश काढता येत नाही.

गेलीस. महिनाभर मी करपलेली भाजी खाल्ली. क्लासमधली पोरं तुला काकू म्हणायची आणि पहिल्या आठवड्यात तुला माऊससुद्धा धरता येत नव्हता, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. ते तुझ्या भावानं परवा सांगितलं. मला तू शनिवारी येऊन फक्त जमलेलं सांगायचीस. पहिल्या शनिवारी चकती. दुसऱ्या शनिवारी कोनाचा ब्रॅकेट. तिसऱ्या शनिवारी तू मला एक्सट्रूड समजावून सांगायला बसलीस, आणि मी मुद्दाम समजून घेत नव्हतो.

तू म्हणालीस, सपाट कागदावर आकार काढायचा, त्याला मापं द्यायची, मग तो आकार वर खेचायचा, जेवढं सांगू तेवढा उंच येतो. मी म्हणालो, हवेत येतो का? तू उठलीस. आत गेलीस, बेसन भिजवलंस, सोऱ्यात चांदणीची चकती घातलीस आणि माझ्यासमोर ताटात दाबलंस. जाड शेव बाहेर आली, तू ती सुरीनं कापलीस आणि तिचं कापलेलं टोक माझ्या नाकासमोर धरलंस. चकतीवर जी चांदणी होती तीच टोकावर होती. "चकती म्हनजे स्केच. दाबलं म्हनजे एक्सट्रूड. जेवढं दाबसान तेवढी लांब." मग तीच शेव तू तळलीस. मी खाल्ली. समजलं होतं, पण कबूल केलं नाही.

मंदा, माझ्या अंगात ही खोड आहे. समजलेलं कबूल करायला मला वेळ लागतो. तुझ्या बाबतीत फारच लागला.

वर्षभर आपलं झकास चाललं. मी जुना पार्ट हातात घेऊन व्हर्निअर लावायचो, आकडे बोलायचो. तू वहीत लिहायचीस, मग काढायचीस. मी सुतात बोललो की तू मिलिमीटर करून घ्यायचीस. मी म्हणायचो एक सूत, इंचाचा आठवा भाग, म्हणजे तीन मिलिमीटर धर. तू म्हणायचीस तीन नाही, तीनच्या वर थोडं आहे, आठ सुतांत ते थोडं दीड मिलिमीटरला जाऊन भिडतं. यावर आपण किती भांडलो. आणि दर वेळी तुझंच खरं निघायचं.

मग वरूड आलं.

गणेशभाऊंच्या पॅकिंग शेडमधल्या ग्रेडिंग मशीनच्या रोलरचे चाळीस बुश. मृग बहाराची संत्री येऊन पडायला लागली होती आणि त्यांना घाई होती. त्यांनी जुना बुश पाठवला. मी व्हर्निअर लावलं आणि बोललो, भोक सव्वीस पॉइंट सहा. तू लिहिलंस. तू काढलंस. सीएनसीवाल्यानं चाळीस कापले. गणेशभाऊंच्या माणसांनी बसवले आणि तिसऱ्या दिवशी फोन आला की रोलर डुगडुगतात, संत्री फटीत शिरून दबतात, या आणि बघा.

आपण गाडीवर गेलो. शेडमध्ये दहा-बारा बाया संत्री निवडत बसल्या होत्या. रोलर फिरला की हलताना नुसत्या डोळ्यांना दिसत होता. खाली क्रेटमध्ये फुटलेल्या सालीची संत्री होती, त्यांचा वास सगळीकडं. गणेशभाऊ मला म्हणाले, दादा, तुमच्या हातचं असं कधी झालं नाही. आणि मी, तुझ्याकडं न पाहता, सगळ्यांसमोर म्हणालो, "माह्या हातचं नोहे हे. बाईनं कॉम्प्युटरवर चुकवलं."

बायांचे हात थांबले. तू पिशवी धरून उभी होतीस. तू माझ्याकडं पाहिलं नाहीस, गणेशभाऊंकडंही पाहिलं नाहीस, त्या क्रेटकडं पाहत होतीस. मग म्हणालीस की पाच दिवसांत नवे देतो.

येताना मोर्शीला चहाला थांबलो. खिशात तो जुना बुश होता. मी उगाच त्याच्या भोकात अंगठा फिरवला. भोक आतून झिजलेलं होतं. शाफ्ट एक इंचाचा, म्हणजे भोक साडेपंचवीसच्या आसपास हवं, हे कुठलाही टर्नर झोपेतसुद्धा सांगेल. तीस वर्षं मी जुने पार्ट मोजतो आणि झीज सोडून नवा कापतो, पण ते मी कधी डोक्यात केलंच नव्हतं. लेथवर उभा राहिलो की हात आपोआप करायचे. तोंडानं आकडा सांगायची वेळ आली तेव्हा तोंडानं व्हर्निअरवर दिसलं ते सांगितलं. हात तिथं नव्हते ना. आणि तू मी सांगितलं ते शंभर टक्के तसंच काढलंस.

मी बुश खिशात घातला. तू ते पाहिलंस. मला माहीत आहे तू पाहिलंस, कारण तुझा कप ओठांशीच थांबला. मग म्हणालीस, चहात साखर कमी आहे. आणि मी उठून साखर मागायला गेलो. तेव्हा बोललो असतो तर दोन वाक्यांत संपलं असतं. घरी आल्यावर मी एवढंच म्हणालो की या वेळी भोक साडेपंचवीस धर. का, ते सांगितलं नाही. तूही विचारलं नाहीस.

नवे बुश बरोबर बसले. गणेशभाऊंचं काम सुटलं नाही. मला वाटलं, झालं, मिटलं.

पण तू तुझ्या ड्रॉइंगची चौकट बदललीस. आधी खाली उजवीकडं एकच चौकोन असायचा, "काढलं : मंदा". आता शेजारी दुसरा आला, "मापं :". आणि तो तू रिकामा ठेवायचीस. प्रत्येक प्रिंट माझ्यासमोर ठेवायचीस आणि म्हणायचीस, "आवो, इथं नाव टाका." मी म्हणायचो, "मी काय साहेब हाओ का सह्या कराले?" दोन वर्षं हे चाललं. प्रत्येक पार्टाला. तू भांडली नाहीस, चिडली नाहीस, फक्त दर वेळी म्हणायचीस आणि रिकामा कागद फाईलला लावायचीस. कपाटात त्या फाईली आहेत. मी मोजल्या नाहीत, मोजणारही नाही.

तू गेल्यावर बारा-तेरा दिवसांनी वही उघडली. वरूडनंतरच्या प्रत्येक पानावर सगळ्यात वर तुझ्या अक्षरात एकच ओळ आहे, अधोरेखित, "झीज विचारणे." म्हणजे तुला सगळं कळलं होतं. चूक कुठं झाली, कोणाची झाली, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, सगळं. आणि मला आठवलं, त्यानंतर मी आकडा बोललो की तू दर वेळी विचारायचीस, "आणि झीज?" मला वाटायचं बाई हुशार झाली. मी हसून सांगायचो. तू मला माझीच चूक शिकवत होतीस आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

वहीचं शेवटचं पान पुन्हा वरूडचंच होतं. गणेशभाऊंनी या हंगामाला नवी ऑर्डर दिली होती, रोलर थोडे मोठे, बुशाचं माप वेगळं, नमुन्याला त्यांचा एक जुना बुश दिलेला. बाहेरचा गोल, लांबी, खाच, सगळं लिहिलेलं. भोकापुढं जागा कोरी. लॅपटॉपवरही तसंच, बाहेरचा गोल काढलेला, मध्ये काही नाही. तू मला दिवाळीच्या आधी विचारलं होतंस. वरूडचं नाव निघालं की माझं डोकं फिरायचं, मी म्हणालो नंतर सांगतो. मग तुझं दुखणं निघालं. दवाखान्यात सुद्धा तू म्हणालीस, "त्या बुशाचं भोक राह्यलं." मी म्हणालो, बरी होऊन घरी ये, मग सांगतो. मला वाटलं असं म्हटलं की तू येशील. तो नमुन्याचा बुश तेव्हाही माझ्या खिशात होता. मी तिथंच सांगायला पाहिजे होतं, मंदा. एक आकडा होता.

म्हणून शिकायला बसलो. सीएनसीवाला म्हणाला, दादा, मीच काढून देतो, दहा मिनिटांचं काम आहे. मी नाही म्हणालो. त्याला वाटलं म्हातारा वेडा झाला.

तुझी वही समोर. पहिल्या पानापासून. "वरचं प्लेन घ्या. गोल काढा. माप द्या. सगळी मापं झाली की रेघा हिरव्या होतात, तोपर्यंत पुढं जाऊ नका." आधी चकती केली, तुझ्यासारखी. बारा सुताची बाहेरून, आठ सुताचं भोक. टाकलं बारा, टाकलं आठ, दाबलं. शर्टाच्या गुंडीएवढी चकती आली. लॅपटॉपला मी सूत सांगितलं होतं आणि त्यानं मिलिमीटर ऐकलं होतं. एवढं हसू आलं, आणि हसता हसता लक्षात आलं की हे कोणाला सांगू. तू आठ दिवस चिडवलं असतंस, पाहुण्यांना सांगितलं असतंस. चकती पुसली आणि थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो.

मग तुझा बुश. मला त्याला हात लावायची भीती वाटत होती. लावला तर काय, माझ्या जाड बोटानं तुझ्या खाचेची एक रेघ पुसली. पुन्हा काढली. दाबलं तर वर यायला तयार नाही, इंग्रजीत काहीतरी लाल लिहून दाखवायचा. दोन दिवस तेच. प्राचीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, कुठंतरी रेघेला रेघ भिडली नसेल, मोठं करून एकेक कोपरा पाहा. पाहिलं. खाचेच्या डाव्या कोपऱ्यात केसाएवढी फट होती. साध्या डोळ्यांना दिसत नव्हती. ती जुळवली. प्राची फोनवरच होती. म्हणाली, "बाबा, आई असती तर तिला किती आवडलं असतं." मी म्हणालो हो. पोरीचा आवाज अगदी तुझ्यावर गेला आहे, फोनवर तर जास्तच.

राहिलं भोक. खिशातून तो नमुन्याचा बुश काढला. व्हर्निअर लावलं, एकतीस पॉइंट तीन. आणि या वेळी हातांना बाजूला बसवून डोक्यानं विचार केला. शाफ्ट तीस. तिसाच्या शाफ्टला तीस पॉइंट दोन पुरे. बाकीची झीज. लिहिलं. रेघा हिरव्या झाल्या. लांबी चाळीस. दाबलं. तोच तो मंगळवार.

बुश कापून आले आणि काल वरूडला गेलो. एकटा, एसटीनं. प्रिंट पिशवीत गुंडाळून.

शेडमध्ये तशाच बाया बसल्या होत्या. त्याच होत्या का माहीत नाही, काही त्याच असतील. बुश बसले. मशीन सुरू केलं, रोलर सरळ फिरला. गणेशभाऊ पाठीवर हात ठेवून म्हणाले, वहिनीचं फार वाईट झालं. मी म्हणालो, भाऊ, मशीन बंद करा, मला बोलायचं आहे. त्यांनी बंद केलं. बायांनी वर पाहिलं. मला पाहिजेच होतं त्यांनी पाहायला, कारण मागच्या वेळी त्यांच्यासमोरच बोललो होतो.

"मांगच्या वक्ती ते बुश डुगडुगले होते ना भाऊ, ते तिनं नव्हते चुकवले. मापं मी सांगतली होती. झीज सोडाची राहून गेल्ती माह्याकडून. तिनं मी सांगतलं तसंच काढलं. अन् मी इथं उभा राहून तिच्यावर ढकललं."

 एक म्हातारी बाई पदरानं तोंड पुसू लागली. गणेशभाऊ थोडा वेळ क्रेटच्या कडेवर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "दादा, वयनीचा त्याच संध्याकाळी मले फोन आल्ता. म्हने, भाऊ, चूक माहीच हाय, मले अजून पुरतं येत नाई. त्याईचा हात कधी चुकत नाई, त्याईचं काम बंद नका करू."

मंदा, मोर्शीला तुला कळलं होतं. घरी आलो, तू स्वयंपाक केलास, मला वाढलंस, आणि त्याच्या आधी की नंतर, कधी तरी, मागच्या अंगणात जाऊन तू हा फोन केला असशील. माझा हात राखायला. आणि दोन वर्षं माझ्यासमोर तो रिकामा चौकोन ठेवत राहिलीस. जगाला तू माझ्या वतीनं सांगून टाकलंस, फक्त माझ्या तोंडून तुला ऐकायचं होतं. घरात, दोघांमध्ये. एवढंच मागत होतीस.

मी तिथंच खोक्यावर प्रिंट पसरली. गणेशभाऊंनी पेन दिला. "काढलं : मंदा" हे चौकटीत तू आधीच टाकून ठेवलेलं. शेजारच्या चौकोनात माझं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं. गणेशभाऊंनी ती प्रिंट मशीनच्या वर भिंतीला चिकटवली.

आज सकाळी अकोल्याच्या दाल मिलचा एक पार्ट आला, जुना, झिजलेला. वहीचं नवं पान काढलं. वर तुझ्यासारखंच लिहिलं, "झीज विचारणे", खाली रेघ मारली. व्हर्निअर लावलं, आकडा लिहिला आणि थांबलो. वर्कशॉपमध्ये कोणी नव्हतं. तू विचारायचीस तेवढा वेळ जाऊ दिला आणि मोठ्यानं म्हणालो, "एक मिलिमीटर झिजलं हाय, मंदा. कमी धर."